ब्राझीलला दोन वर्षांसाठी निघालात? तिथल्या माणसांविषयी जे ऐकलंत त्यातलं किती धरायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणच्या कारखान्यातून कंपनी तुम्हाला दोन वर्षांसाठी ब्राझीलला, साओ पाउलो राज्यातल्या कांपिनासजवळच्या प्लांटवर पाठवते आहे. बायको आणि पाच वर्षांची मुलगी बरोबर येणार. ऑफिसात जो तो सांगतो आहे की तिकडची माणसं आळशी, वेळेचं भान नाही, वर्षभर पार्ट्या आणि कार्निव्हल, बायका ‘फार मोकळ्या’, रस्त्यावर लूटमार, आणि खायला बीफशिवाय काही नाही. यातलं किती खरं आणि आपण वागायचं कसं, हे तुम्हाला हवं आहे.

मी पोर्तुगीजची दुभाषी आहे. पुण्याच्या आसपासच्या ऑटो पार्ट्सच्या कंपन्या आणि त्यांचे ब्राझीलमधले भागीदार यांच्या मीटिंगांना बसणं, आणि तिकडे जाणाऱ्या इंजिनिअरांची आधी तयारी करून घेणं हे माझं काम. तुमच्या यादीतलं सगळं मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. मला त्यात खरा धोका वेगळा दिसतो. हे ठोकताळे डोक्यात घेऊन तुम्ही पहिल्या दिवशी प्लांटवर गेलात, तर समोर जे दिसेल ते सगळं त्यांचा पुरावाच वाटायला लागेल. माणूस हसून बोलला की तो गंभीर नाही, पाळी संपताच निघाला की कामचुकार. दोन महिन्यांत टीमशी बिनसतं आणि कशामुळे बिनसलं ते कळतही नाही.

आधी एवढं मान्य करते की मी सांगते ते सगळीकडे सारखं लागू होणार नाही. २०२२ च्या जनगणनेत ब्राझीलची लोकसंख्या २० कोटी ३० लाखांच्या घरात भरली, आणि देश आकाराने भारताच्या अडीचपटीहून मोठा. साओ पाउलोहून ॲमेझॉनमधल्या मानाउसला विमानाने जायला चार तास लागतात. दक्षिणेत ब्लूमेनाउसारखी जर्मनांनी वसवलेली शहरं आहेत, साओ जोआकिंला थंडीत अधूनमधून बर्फ पडतं. १९०८ साली ‘कासातो मारू’ या जहाजाने जपानी मजुरांची पहिली तुकडी सान्तोस बंदरात उतरवली. आज जपानबाहेर जपानी वंशाचे सर्वांत जास्त लोक ब्राझीलमध्येच आहेत. कांपिनासच्या पट्ट्यात कॉफीच्या मळ्यांवर इटालियन आले, गावोगावी सिरिया-लेबनानचे व्यापारी स्थिरावले. तुमच्या टीमच्या यादीत इटालियन, जपानी, अरबी आडनावं शेजारी शेजारी दिसतील आणि ती सगळी माणसं स्वतःला निव्वळ ब्राझिलियन म्हणतील. जंगलाचं म्हणाल तर शंभरातले सत्त्याऐंशी लोक शहरांत राहतात. भाषा पोर्तुगीज आहे, स्पॅनिश नव्हे. निदान ‘ग्रासियास’ (स्पॅनिशमधलं ‘धन्यवाद’) तरी तिकडे म्हणू नका.

मग सगळ्या जगाच्या डोक्यात एकच चित्र कसं बसलं, तर ते बसवलं गेलं. त्यातलं बरंचसं रिओचं, रिओच्याही समुद्रकिनाऱ्याचं, आणि तेही परदेशी माणसाला दाखवायला मांडलेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेला लॅटिन अमेरिका आपल्या बाजूला हवी होती आणि हॉलिवूडने त्याला हातभार लावला. डिस्नेने १९४२ साली झे कारियोका हा सिगार ओढणारा, गोडबोल्या, कामाशी फारसं देणंघेणं नसलेला पोपट पडद्यावर आणला. कार्मेन मिरांडा डोक्यावर फळं घेऊन नाचल्या. त्या जन्माने पोर्तुगालच्या, वाढल्या रिओत, आणि अमेरिकेत जाण्याआधीच ब्राझीलमधल्या मोठ्या गायिका होत्या. त्यांचा तो पोशाख मुळात ईशान्येकडच्या बाहिया राज्यातल्या, रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांचा. १९४० साली त्या अमेरिकेतून परतून रिओच्या उर्का कॅसिनोत गायल्या तेव्हा तिथल्या प्रतिष्ठित प्रेक्षकांनी त्यांचं थंडपणे स्वागत केलं. बाई अमेरिकन झाल्या, असा सूर होता. ज्या प्रतिमेने जगाला ब्राझील ‘कळला’ ती ब्राझिलियनांना तेव्हाच खटकत होती. पुढे लष्करी राजवटीच्या काळात सरकारी पर्यटन संस्थेनेच बिकिनीतल्या तरुणींचे फोटो लावून देश विकला. नंतर त्याच संस्थेला ही प्रतिमा पुसायला मोहिमा काढाव्या लागल्या.

आता आळशीपणाचं. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण तुमची दोन वर्षं बरी जातील की वाईट ते यावरच ठरेल.

ब्राझीलचा कामगार कायदा १९४३ चा आहे आणि तो पाळला जातो. आठवड्याला ४४ तासांची मर्यादा १९८८ च्या राज्यघटनेतच घातलेली आहे. वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा, त्या रजेपोटी वर एक तृतीयांश पगार, वर्षअखेरीला तेरावा पगार. ओव्हरटाइम साधारणपणे दिवसाला दोन तासांच्या वर नाही. कामगार न्यायालयं वेगळी आहेत आणि कामगार बिनदिक्कत तिथे जातात. हे माहीत नसलेल्या आपल्या इंजिनिअरला काय दिसतं? ऐन लाँचच्या तोंडावर लाइन लीडर रजेवर गेला. पाळी संपली आणि माणसं मिनिटाला पंच करून बाहेर पडली. रात्री दहाला टाकलेल्या मेसेजला सकाळपर्यंत उत्तर नाही. मग पुण्याला फोन जातो की इथे कुणाला कामाची पडलेलीच नाही. प्रत्यक्षात तोच माणूस अंधारात उठून पहाटेच्या कंपनी-बसने आलेला असतो, आणि कंपनीवर दावा होऊ नये म्हणून सुपरवायझरच त्याला वेळेवर बाहेर काढत असतो. तेव्हा गेल्या गेल्या एचआरकडून वर्षाच्या रजांचं वेळापत्रक मागून घ्या आणि तुमच्या तारखा त्यावर बसवा. हे एवढं केलं तरी निम्मी भांडणं होत नाहीत.

उरलेली निम्मी बोलण्याच्या पद्धतीवरून होतात. एक मीटिंग सांगते. समोर त्यांच्या प्रॉडक्शन इंजिनिअरिंगच्या प्रमुख बाई, पन्नाशीच्या. छोट्या कपांतून काळी गोड कॉफी आली. बाईंनी आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला घरचं विचारलं, मुलं किती, पुण्यात पाऊस कसा झाला, गणपती म्हणजे नेमकं काय असतं. पंधरा-वीस मिनिटं अशीच गेली. आमचा माणूस टेबलाखाली पेन टकटकवत होता आणि मला हळूच म्हणाला, “मॅडम, यांना विषयावर आणा.” मी आणलं नाही. थोड्या वेळाने बाईंनी हातातला अजेंड्याचा कागद उलटा केला आणि फिक्श्चरचं, म्हणजे काम करताना भाग पकडून ठेवणाऱ्या साच्याचं, चित्र काढलं, नुसत्या आठवणीतून: लोकेटिंग पिन इथे झिजते, म्हणून ब्रॅकेटचं भोक चौथ्या स्टेशनला अंडाकृती होतं, आणि याचं मूळ पुण्याहून आलेल्या ड्रॉइंगमधल्या टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात किती फरक चालेल त्या मर्यादेत, आहे. तीन महिने मेलवर हे कुणी लिहिलं नव्हतं. अनोळखी माणसाला, तेही लेखी, ‘तुमचं ड्रॉइंग चुकलं’ असं सांगणं त्यांच्याकडे उद्धटपणाचं समजतात. आधीची वीस मिनिटं त्यासाठी होती.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण नुसतं कौतुक करून तुमचा उपयोग नाही. तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्यांना जड जातं. ‘होईल, मी बघतो’ हे उत्तर मिळालं की तारीख मिळाली असं धरू नका. मीटिंग संपल्यावर त्याच दिवशी मेल टाका, त्यात माणसाचं नाव आणि तारीख लिहा, आणि दोन दिवसांनी त्याच्या टेबलाशी जाऊन विचारा. व्हॉट्सॲपवर मोठमोठे व्हॉइस मेसेज येतील, त्यांचं उत्तरही आवाजातच दिलेलं आवडतं. फॉर्मची, शिक्क्याची, सरकारी कागदाची कटकट वळसा घालून सोडवण्याची कला त्यांच्या अंगात भिनलेली आहे. तिचा अभिमानही बाळगतात आणि तिच्याविषयी तक्रारही तेच करतात. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला यात नवखं काही वाटू नये.

आणि ज्या देशाला आपण आळशी म्हणतो तिथल्या साओ जोसे दोस कांपोसला, तुमच्या कांपिनासपासून दीडेकशे किलोमीटरवर, एम्ब्राएरची विमानं बनतात. कोल्हापूरहून मुंबईला उडणारं छोटं जेट त्याच कारखान्यातलं असतं, आणि आपल्या हवाई दलाचं टेहळणी करणारं ‘नेत्र’ही एम्ब्राएरच्याच विमानावर उभं केलं आहे. समुद्रतळाच्या खाली मिठाचा जाडजूड थर फोडून तेल काढण्यात पेट्रोब्रास या त्यांच्या सरकारी तेल कंपनीचं नाव जगात घेतलं जातं.

हा ‘आळशी’ शब्द पहिल्यांदा कुणी कुणाला लावला तेही माहीत असू द्या. आफ्रिकेतून धरून आणलेल्या जवळजवळ ५० लाख माणसांच्या श्रमावर हा देश उभा राहिला. १३ मे १८८८ रोजी गुलामगिरी संपली. अमेरिका खंडांमध्ये सर्वांत शेवटी ती ब्राझीलमध्ये संपली. सुटलेल्यांना जमीन मिळाली नाही, मोबदला मिळाला नाही. साओ पाउलो सरकार मात्र इटालियन मजुरांना आणण्यासाठी त्यांच्या बोटीच्या तिकिटाचे पैसे भरत होतं. १८९० च्या दंडसंहितेत बेकार भटकणं हा गुन्हा ठरला आणि कापोएरा हा गुलामांमधून आलेला, नाचासारखा लढण्याचा खेळही. तीनशेहून अधिक वर्षं ज्यांनी ऊस तोडला, सोनं खणलं, कॉफी वेचली, त्यांनाच मालकवर्गाने कामचुकार ठरवलं. हे आठवलं की मला आजही राग येतो, आणि म्हणून हा शब्द कुणी सहज वापरला तर मी त्याला थांबवते.

त्याचा धागा तुमच्या प्लांटपर्यंत येतो. ब्राझिलियनांच्या आपसातही ठोकताळे आहेत: साओ पाउलोचा माणूस कामाला जुंपलेला, रिओचा किनाऱ्यावर पडलेला, मिनासचा अबोल आणि सावध, दक्षिणेचा गर्विष्ठ. यांवर ते स्वतःच हसतात, आपणही ऐकून घ्यावं. पण ‘बाहियाचा माणूस आळशी’ हा विनोद वेगळा आहे. बाहिया हे कृष्णवर्णीय संस्कृतीचं केंद्र. शिवाय ईशान्येकडच्या दुष्काळाला कंटाळून लाखो माणसं ट्रकच्या उघड्या हौद्यात बसून साओ पाउलोला आली. त्या सगळ्यांना, मग ती कुठल्याही राज्याची असोत, तिथे सरसकट ‘बायानो’ (बाहियावाला) म्हणत. आजचे राष्ट्राध्यक्ष लुला १९५२ साली सात वर्षांचे असताना पेर्नांबुकोहून असेच आले. साओ पाउलोच्या इमारती, कारखाने आणि १९६० साली उद्घाटन झालेली राजधानी ब्राझिलिया, हे सगळं उभारण्यात या माणसांचे हात होते. तुमच्या शॉप फ्लोअरवर त्यांची मुलं-नातवंडं आहेत. कॅन्टीनमध्ये कुणी बाहियावरून विनोद केला तर हसू नका आणि स्वतः तर कधीच करू नका. वर्णद्वेष हा तिकडे १९८९ पासून तुरुंगवासाचा गुन्हा आहे. ‘आमच्यात काळा-गोरा भेद नाही’ असंही अनेक जण मनापासून सांगतील. मॅनेजरांच्या केबिनी आणि सफाईची पाळी यांच्याकडे एकदा बघा, म्हणजे त्यात किती तथ्य आहे ते दिसेल.

बायकांविषयी तुमच्या ऑफिसात जे बोललं जातं ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. भेटताना गालाला गाल लावणं हा नमस्कार आहे, त्यापलीकडे त्याला अर्थ नाही. साओ पाउलोकडे एकदा, रिओत दोनदा. तुम्हाला किंवा तुमच्या पत्नीला अवघड वाटलं तर हसून हात पुढे करा, कुणी वाईट वाटून घेत नाही. समुद्रकिनाऱ्यावर कपडे कमी असतात, पण उघड्या छातीने बसणं तिथे बाईला चालत नाही. गावच्या कडेच्या वस्त्यांमध्ये लांब स्कर्ट घालून, हातात बायबल घेऊन प्रार्थनेला निघालेल्या बायका तुम्हाला दर रविवारी दिसतील. २०२२ च्या जनगणनेत शंभरातले सत्तावीस लोक इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट ख्रिस्ती, निघाले. विद्यापीठांत मुलांपेक्षा मुली जास्त आहेत आणि जवळजवळ निम्म्या घरांची कर्ती बाईच आहे. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००६ चा मारिया द पेन्या कायदा आहे. संमतीशिवाय लैंगिक हेतूने अंगाला हात लावणं २०१८ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. तुमच्याबरोबर येणाऱ्या अविवाहित सहकाऱ्यांना हा परिच्छेद जरूर वाचून दाखवा.

पार्टी आणि कार्निव्हल: कार्निव्हलचा मंगळवार कायद्याने राष्ट्रीय सुट्टीसुद्धा नाही, कामकाज मात्र बहुतेक ठिकाणी बंद असतं. रिओचं संचलन टीव्हीवर दिसतं ते वस्त्यांतल्या सांबा मंडळांनी कित्येक महिने शिवणकाम करून, लाकूड-लोखंड जोडून, तालमी करून उभं केलेलं असतं. अनेक ब्राझिलियन त्या आठवड्यात गर्दी टाळून गावी जातात, चर्चवाले शिबिरं घेतात. ईशान्येत तर जूनमधला साओ जोआओ (संत जॉन) हाच मोठा सण: शेकोट्या, मक्याचे पदार्थ, अकॉर्डियनवर फोरोचा नाच. २४ जूनला गोव्यात भर पावसात लोक फुलांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात तो सांजांव याच संताचा. आणि सगळ्यांना सांबा येतो हेही विसरा. देशात सर्वांत जास्त वाजतं ते खेड्याकडचं सेर्तानेजो. फुटबॉलचं वेड मात्र खरं आहे. वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलची मॅच असली की ऑफिसं थांबतात, त्या दिवशी डिलिव्हरी ठेवू नका. त्याच देशात १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांना फुटबॉल खेळायला कायद्याने मनाई होती. २०२७ चा महिला वर्ल्ड कप तिथे होतो आहे तो या पार्श्वभूमीवर.

खाण्याची चिंता करू नका. रोजचं जेवण भात आणि राजम्यासारख्या घेवड्याची दाट उसळ, म्हणजे आपल्या वरण-भातासारखं घराघरांत. दुपारी ताट वजनावर मिळणारी हॉटेलं प्रत्येक कोपऱ्यावर आहेत. भाज्या, भात, उसळ, कोशिंबिरी आपल्या हाताने वाढून घ्यायच्या, ताट वजनकाट्यावर ठेवायचं. मात्र उसळीत डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात आणि ‘मांस नको’ म्हटलं तर लोक चिकन किंवा हॅम पुढे करतात. काय काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन सांगा. आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो मूळचा तिकडचाच. त्याच्या पिठाचे चीज घातलेले गरम गोळे सकाळी कुठेही मिळतील, मुलीला नक्की आवडतील. बीफ भरपूर खातात हे खरं. त्यांच्या माळरानावरची वशिंडाची पांढरी गुरं मात्र आंध्रातल्या नेल्लोर-ओंगोलच्या वंशाची, आणि दुधासाठी आपली गीर गाय त्यांनी नेऊन जपली, वाढवली आहे.

गुन्हेगारीवर मी पांघरूण घालणार नाही. २०१७ साली देशात ६० हजारांहून जास्त खून झाले. नंतर आकडा उतरला, तरी तो मोठाच आहे. मारले जाणारे बहुतांशी गरीब वस्त्यांतले कृष्णवर्णीय तरुण असतात, परदेशी इंजिनिअर नव्हेत. साओ पाउलो राज्यात खुनांचं प्रमाण देशात कमी असलेल्यांपैकी आहे. तुमच्या वाट्याला येऊ शकते ती मोबाइलची हिसकाहिसकी. रस्त्यात उभं राहून मॅप बघू नका, दुकानात शिरून बघा. कुणी फोन मागितला तर देऊन टाका, हुज्जत घालू नका. बँकेचं ॲप असलेला फोन घरी ठेवणारे स्थानिक लोक पुष्कळ आहेत. फावेलांविषयी, म्हणजे तिथल्या झोपडपट्ट्यांविषयी, एवढंच: २०२२ च्या मोजणीत तिथे १ कोटी ६४ लाख लोक राहत होते. तुमच्या ऑफिसातला सिक्युरिटी गार्ड, कॅन्टीनमधल्या बाई तिथूनच येत असतील. त्यांना बघायला ‘टूर’ काढू नका.

तुमच्याविषयी त्यांच्या डोक्यात काय असेल त्याचीही तयारी ठेवा. २००९ साली ग्लोबो वाहिनीवर भारतावरची एक मालिका प्रचंड गाजली. सगळे नट ब्राझिलियन, अंगावर साड्या आणि फेटे, तोंडी सारखं ‘अरे बाबा’. लग्न ठरवून झालं का, जात कुठली, घरात रोज नाचता का, असं तुम्हाला प्रेमाने विचारतील. चिडू नका, खरं काय ते सांगा, आणि मग आमच्याकडे तुमच्याविषयी काय बोलतात तेही सांगून विचारा. माझ्या अनुभवात ओळख सर्वांत लवकर अशीच होते.

राहिली मुलगी. पाच वर्षांचं मूल तिकडच्या शाळेत काही महिन्यांत पोर्तुगीज बोलायला लागतं, ती काळजी सोडा. काळजी तुमच्या दोघांच्या भाषेची करा. निघायला तीन महिने असतील तर आजपासून रोज अर्धा तास द्या, आणि ब्राझीलचे उच्चार शिकवणारा शिक्षक बघा, पोर्तुगालचे नकोत. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिघांचाही सीपीएफ क्रमांक (आपल्या पॅनसारखा करदात्याचा क्रमांक) काढा. औषधाच्या दुकानापासून भाडेकरारापर्यंत सगळीकडे तो विचारतात. वर्गातल्या मुलांच्या वाढदिवसांची आमंत्रणं लवकरच येतील. चारची वेळ दिली असेल तर साडेचारला जा, भेट घेऊन जा, आणि केक कापेपर्यंत थांबा. त्याआधी उठून निघालात तर त्या घराला वाईट वाटेल.